नदीचे मूळ पाहावे

'नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये' अशी एक जुनी म्हण मराठीत आहे. म्हण करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. मोठी नदीसुद्धा उगमापाशी एखाद्या कपारीतून ठिबकणारी क्षुल्लक धार असते. ती पाहून नदीविषयीचा आदर कमी होऊ नये, एवढेच त्यांना सांगावयाचे होते. ऋषीच्या कुळाची गोष्ट सोडून द्यावी. परंतु नदीच्या मुळाविषयी ही म्हण आता पाळण्याजोगी राहिलेली नाही. गेल्या दोनशे वर्षांत ज्यांनी ज्यांनी ती मोडली आणि डोंगरातील झरे, ओढे व तळी बारकाईने न्याहाळली, त्यांनी आपल्या पदरात फार मोलाचे ज्ञान टाकले आहे. त्या ज्ञानाची कहाणी बेळगावच्या कॅम्पात राहणाऱ्या माणसाला तर विशेष जवळची वाटावी. त्याच्या घरातील नळाचे मूळ अशाच डोंगरी पाण्यात आहे.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 2500 फूट उंचीवर वसले आहे. त्याचे प्राचीन नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूंचे गाव. हवा थंड, पाऊस भरपूर, माती सुपीक; उणे होते ते एकच. गावाच्या कुशीतून वाहणारी मोठी नदी नव्हती. 1818 च्या एप्रिलात जनरल मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला आणि पुढे लष्कराची छावणी येथे कायमची वसली. तिलाच आज आपण कॅम्प म्हणतो. त्या काळी गाव काय आणि छावणी काय, दोघांचीही भिस्त विहिरींवर आणि तळ्यांवर असे. 1924 च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन बेळगावात भरले, तेव्हा जमणाऱ्या समुदायाच्या पाण्यासाठी मुद्दाम एक विहीर खणावी लागली. तिला 'पंपा सरोवर' हे नाव मिळाले आणि काँग्रेस विहीर म्हणून ती आजही ओळखली जाते. पुढे 1960 नंतरच्या दशकात शहराच्या पश्चिमेस मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशयाचे पाणी शहराला मिळू लागले. आणि वस्ती आणखी वाढली, तसे घटप्रभेवरील हिडकल जलाशयातूनही पाणी आणावे लागले. तात्पर्य, विहिरीवर जगणारे हे शहर हळूहळू डोंगराच्या पाण्यावर जगू लागले. मात्र त्या डोंगराकडे पाहण्याची सवय त्याला तेवढ्या वेगाने लागली नाही.

त्या डोंगराची रचना मोठी विलक्षण आहे. बेळगावच्या पश्चिमेस आंबोलीपासून चंदगड, जांबोटी आणि कणकुंबीपर्यंत सह्याद्रीचा माथा पसरला आहे. या माथ्यावर पडलेला पावसाचा थेंब एका अंगाला घसरला तर काही कोसांत अरबी समुद्रास मिळतो. दुसऱ्या अंगाला घसरला तर कृष्णेच्या संगतीने अवघा भरतखंड ओलांडून बंगालच्या उपसागरास जातो. कणकुंबीला उगवणारी मलप्रभा, बैलूरच्या बाजूने येणारी मार्कंडेय, चंदगडकडील ताम्रपर्णी, घटप्रभा आणि आंबोलीची हिरण्यकेशी या साऱ्या पूर्ववाहिनी आहेत. त्याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेस गोव्यात उतरते आणि तेथे मांडवी होते. पावसाचे मानही असेच झपाट्याने बदलते. आंबोलीला वर्षाकाठी सुमारे 300 इंच पाऊस पडतो. बेळगावला तो सुमारे 50 इंचांवर येतो आणि गोकाककडे गेले की त्याच्याही निम्म्याच्या आसपास उरतो. म्हणजे पूर्वेकडील कोरड्या मुलखाला जे पाणी नदीतून मिळते, ते त्याच्या आभाळातून पडलेले नसते. ते घाटमाथ्याने त्याच्यासाठी साठवून ठेवलेले असते.

घाटमाथा पाणी साठवतो तो कसा, हे समजून घेतल्यावाचून पुढील इतिहास उमगणार नाही. आल्प्सप्रमाणे किंवा हिमालयाप्रमाणे सह्याद्रीला बर्फ नाही. हिमनद्यांनी कोरलेली नैसर्गिक सरोवरेही त्याच्या माथ्यावर नाहीत. महाबळेश्वरचे वेण्णा तळे असो, साताऱ्याजवळचे कास असो वा बेळगावचे राकसकोप असो, येथील तळी बहुधा माणसाने बांध घालून केलेली आहेत. सह्याद्रीची खरी सरोवरे जमिनीच्या पोटात आहेत. माथ्यावरील सडे जांभा दगडाचे असतात. हा दगड चाळणीसारखा सच्छिद्र आहे. त्याच्याखाली बहुधा चिकणमातीचा थर असतो. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपत खाली जाते, चिकणमातीपाशी अडते आणि मग उताराच्या बाजूने वाट काढीत जेथे दोन थरांची सांध उघडी पडते तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. ही झिरपण्याची क्रिया महिनोनमहिने चालते; म्हणून आषाढात पडलेले पाणी फाल्गुनात झऱ्याच्या मुखाशी भेटते. परंतु त्याला एक अट आहे. पाऊस कोसळला की पाणी क्षणभर तरी जमिनीवर थांबले पाहिजे. पाचोळा, मुळांनी भुसभुशीत केलेली माती, झुडपांची दाटी हे सारे त्या पाण्याला थोपवून धरतात. ते नाहीसे झाले तर तेच पाणी माती घेऊन धावत सुटते. पावसाळ्यात ओढ्याला लाल पूर येतो आणि शिमग्यानंतर त्याच ओढ्यात गोटे उघडे पडतात. जेथे दोनतीनशे इंच पाऊस कोसळतो, त्याच घाटमाथ्यावरील वाड्यावस्त्यांतून चैत्र-वैशाखात बायका हंडे घेऊन दूरच्या झऱ्याची वाट तुडवीत असतात. या विरोधाभासाचे उत्तर आभाळात नसून पायाखालच्या जमिनीत आहे.

रानाचा आणि पाण्याचा हा संबंध आपल्या पूर्वजांना अनुभवाने माहीत होता. गावोगावच्या देवराया त्याची साक्ष आहेत. घाटमाथ्यावरील कितीतरी देवरायांच्या पोटात किंवा पायथ्याशी एखादा झरा वा कुंड असते. देवाच्या धाकाने त्या राईची काटकीही कोणी तोडीत नसे, आणि त्या योगाने झऱ्याचे छत्र टिकून राही. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तही झाडांच्या तोडीवर निर्बंध सांगितलेले आहेत. अठराव्या शतकाच्या आरंभी, आरमारासाठी लाकूड हवे असतानाही, रयतेची आंबा-फणसाची झाडे तिच्या संमतीवाचून व मोल दिल्यावाचून तोडू नयेत असा दंडक त्यात आहे. परंतु अनुभवाने जाणणे वेगळे आणि नोंद ठेवून सिद्ध करणे वेगळे. हे दुसरे काम एकोणिसाव्या शतकात सुरू झाले.

ते सुरू केले ते प्रामुख्याने कंपनी सरकारच्या नोकरीतील वैद्यांनी. मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पुण्याजवळच्या दापोडी येथील वनस्पतिउद्यानाचे प्रमुख होते आणि 1847 साली ते इलाख्याचे वनसंरक्षक झाले. दक्षिण कोकण आणि घाटमाथा त्यांनी पायाखाली घातला होता. डोंगरउतारावरील रान साफ झाल्यावर खालच्या गावांतील झरे आटल्याच्या आणि खाड्या गाळाने भरत चालल्याच्या तक्रारी त्यांनी सरकारच्या कानावर घातल्या. मद्रासेकडे डॉ. एडवर्ड बाल्फोर यांनी 1849 साली झाडे आणि ओलावा यांच्या संबंधावर निबंध लिहिला. पुढे ब्रिटिश असोसिएशनने नेमलेल्या समितीने 1851 साली उष्ण कटिबंधातील जंगलतोडीच्या परिणामांवर आपला अहवाल सादर केला. त्या समितीचे काम डॉ. ह्यू क्लेगहॉर्न यांनी पुढे नेले. हिंदुस्थानातील डोंगरी पाण्याविषयीच्या चिंतेला शास्त्रीय व्यासपीठ मिळाले ते असे.

या वैद्यांचे सारेच म्हणणे कालाच्या कसोटीला उतरले असे मात्र नाही. झाडे पाऊस पाडतात, असा त्यांच्यापैकी अनेकांचा ठाम समज होता. मोसमी पाऊस समुद्रावरून येतो. एखाद्या तालुक्यातील झाडांच्या सांगण्यावरून तो येत नाही, हे आज आपण जाणतो. परंतु पडलेला पाऊस रान धरून ठेवते, हे त्यांचे निरीक्षण मूलतः बरोबर होते. त्यांच्या कार्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जंगलनाशाचा दोष त्या काळी बव्हंशी कुमरी करणाऱ्या डोंगरी शेतकऱ्यांच्या माथी मारला गेला. रानाचा तुकडा जाळून दोनचार वर्षे नाचणी पिकवावयाची आणि मग तो सोडून पुढे जावयाचे, ही त्यांची रीत होती. तिने रानाचे नुकसान होत नव्हते असे नाही. पण जहाजे, इमारती आणि पुढे लोहमार्ग यांसाठी जी प्रचंड तोड झाली, तिच्या मानाने ते नुकसान किती, हा हिशेब कोणी फारसा मांडला नाही. 1880 नंतरच्या दशकात सदर्न मराठा रेल्वेचा मार्ग बेळगाव-लोंढ्याच्या बाजूने गेला, तेव्हा रुळांखालचे स्लीपर लाकडाचेच होते. 1865 व 1878 च्या वनकायद्यांनी रान राखले गेले हे खरे. पण त्याच कायद्यांनी रानाकाठच्या गरिबाचे सरपण, चराई आणि कुमरी यांवर बंधने आली हेही तितकेच खरे आहे. पाण्याचे रक्षण करताना त्याचा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न तेव्हापासून आपल्या सोबत आहे.

रानावर नजर ठेवणारे असे पुढे आले. पाण्यातील जिवांवर नजर ठेवणारे त्यांच्याही आधी येऊन गेले होते. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी 1824 पासून काही वर्षे दख्खनची पाहणी केली आणि 1840 च्या सुमारास येथील माशांवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. मुळा-मुठेच्या पाण्यातील मासे त्यांनी जातवार नोंदवून ठेवले. त्या वेळी हा केवळ एका हौशी अधिकाऱ्याचा छंद वाटला असेल. परंतु दीडशेहून अधिक वर्षांनी, 2003 साली पुण्याच्या अभ्यासकांनी मुळा-मुठेतील माशांची पुन्हा मोजदाद प्रसिद्ध केली, तेव्हा पूर्वी नोंदलेल्या कितीतरी जाती सापडेनाशा झाल्याचे दिसून आले. जुनी यादी नसती तर हरवले काय, हेच कळले नसते. घरातील भांडी मोजून न ठेवणाऱ्या गृहिणीला चोरी झाल्याचे समजतच नाही; नद्यांचेही तसेच आहे.

साइक्स यांच्यानंतर ही परंपरा खंडित झाली नाही. सह्याद्रीच्या धबधब्यांच्या ओल्या कड्यांना चिकटून राहणारी एक चिमुकली गोगलगाय आहे. तिचे सारे आप्त समुद्रकिनाऱ्याच्या खडकांवर राहतात. ही एकटीच गोड्या पाण्याच्या आश्रयास डोंगरावर येऊन राहिली आहे. विल्यम ब्लॅनफर्ड यांनी 1869 साली तिच्यासाठी 'क्रेम्नोकाँकस' हे स्वतंत्र प्रजातिनाम योजिले. झुऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया या संस्थेचे पहिले संचालक नेल्सन ॲनन्डेल यांनी 1919 साली मुंबई इलाख्यातील काही लहान ओढ्यांच्या जीवसृष्टीवर निबंध प्रसिद्ध केला. मोठ्या नद्या सोडून मुद्दाम लहान ओढे निवडावेत, यातच त्यांची दृष्टी दिसून येते. त्याच संस्थेचे पुढे संचालक झालेले डॉ. सुंदरलाल होरा यांनी 1930 साली वेगवान प्रवाहात राहणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास मांडला. खळाळत्या पाण्यात वाहून न जाता दगडाला घट्ट धरून राहता यावे म्हणून या माशांचे पोट कसे चपटे होते, कल्ले व ओठ कसे बदलतात, हे त्यांनी दाखवून दिले. वनस्पतींच्या बाबतीत असेच काम मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील जेझुइट धर्मगुरू फादर सांतापाव यांनी केले. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ 1953 साली प्रसिद्ध झाला. या साऱ्यांनी आपापल्या काळाचे जणू छायाचित्र काढून ठेवले आणि पुढच्या पिढ्यांना तुलनेची सोय करून दिली.

बाहेरच्या जगातही याच सुमारास डोंगरी पाण्याचे शास्त्र उभे राहत होते. स्वित्झर्लंडचे प्राध्यापक फोरेल यांनी जिनिव्हाच्या सरोवराचा आयुष्यभर अभ्यास करून 1892 ते 1904 या काळात त्यावर तीन खंड लिहिले. सरोवरविज्ञानाचे ते जनक मानले जातात. 1932 साली अमेरिकेतील येल विद्यापीठाची एक तुकडी लडाखला आली आणि तिच्यातील हचिन्सन यांनी तेथील उंचावरील सरोवरे तपासली. परंतु डोंगरी तळ्यांनी जगाला खरा इशारा दिला तो त्यानंतर. उत्तर युरोपातील दुर्गम तळ्यांतून मासे नाहीसे होऊ लागले. जवळपास कारखाना नाही, शेती नाही. मग हे का व्हावे? 1967-68 साली स्वीडनच्या स्वान्ते ओडेन यांनी दाखवून दिले की, शेकडो कोसांवरील देशांच्या धुराड्यांतून निघालेले गंधक पावसातून आम्ल होऊन त्या तळ्यांत उतरत आहे. पुढे 1980 नंतरच्या दशकात स्कॉटलंडच्या डोंगरांतील तळ्यांच्या तळाचा गाळ नळीने उपसून थराथराने तपासण्यात आला. डायाटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची काचेसारखी कवचे त्या गाळात वर्षानुवर्षे साठलेली असतात. कोणत्या थरात कोणती जात आहे, यावरून त्या त्या काळी पाणी किती आम्ल होते ते सांगता येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ती तळी आम्ल होत आल्याचे त्या गाळाने सांगितले. धुरावर निर्बंध आल्यानंतर त्यांतील काही तळी हळूहळू सुधारू लागल्याचेही आढळले. डोंगराचे पाणी थोडे, थंड आणि क्षारांनी उणे असते. म्हणून बाहेरचा फेरफार त्याला आधी जाणवतो. मोठी नदी पुष्कळ सोसते आणि उशिरा बोलते. लहान झरा लगेच बोलतो. मात्र ऐकणारे कोणी तरी जवळ असावे लागते.

आता पुन्हा आपल्या डोंगराकडे वळावे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील बदलाचे स्वरूप पालटले. कुमरी मागे पडली आणि तिच्या जागी दुसरी कारणे आली. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात जांभ्याच्या सड्यांतून बॉक्साइट काढण्यात आले. आणि सड्याचा जांभा म्हणजे तर झऱ्याची चाळणी. उजाड रानांवर एकाच जातीची झाडे लावण्याचा प्रघात पडला. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या हिरव्या रांगा दुरून अरण्यासारख्या दिसतात. परंतु हिरवे ते सारे रान नव्हे. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात शास्त्रज्ञांनी नैसर्गिक अरण्य, उजाड झालेले रान आणि बाभळीची लागवड या तिन्ही ठिकाणी पाणी जमिनीत किती मुरते व ओढ्यातून किती वाहते याची प्रत्यक्ष मोजमापे घेतली. जुन्या अरण्याची माती पाणी सर्वांत चांगले मुरवते, उजाड रानावरून ते अधिक धावून जाते आणि नवी लागवड वर्षे लोटली तरी जुन्या अरण्याची बरोबरी करीत नाही, असे त्या अभ्यासांतून दिसून आले. झाडेही पाणी पितात, म्हणून कोठे कोणती झाडे लावावीत याचाही विचार करावा लागतो. केवळ रोपांची संख्या मोजून झऱ्याचा हिशेब जुळत नाही.

त्यातच पावसाने आपली चाल बदलली आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासात, 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या टापूवर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिपटीने वाढल्याचे आढळले; तो अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. वर्षाची बेरीज तीच राहिली तरी ती थोड्या दिवसांत कोसळली, तर जमिनीला पाणी पिण्यास सवड मिळत नाही. सावकाश वाढणाऱ्याच्या पंगतीत माणूस पोटभर जेवतो. घाईने वाढले तर अन्न पानाबाहेर सांडते आणि जेवणारा अर्धपोटी उठतो. 2019 च्या ऑगस्टात बेळगाव, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांनी महापूर पाहिला. त्यानंतर चारच वर्षांनी, 2023 साली, पाऊस लांबला आणि राकसकोपची पातळी अगदी खाली गेली. भरलेले राकसकोप 2475 फुटांची खूण गाठते, हे बेळगावकरांना वर्तमानपत्रातून तोंडपाठ झालेले आहे. परंतु ते भरते ते ज्या ओढ्यांनी, त्यांतील किती बारमाही राहिले आणि किती शिमग्यालाच आटू लागले, याची रोजची बातमी कोठेही छापली जात नाही.

पाण्याच्या वाटपाचे वादही याच डोंगरात जन्मले आहेत. म्हादईच्या पाण्यासाठी 2010 साली लवाद नेमण्यात आला आणि 14 ऑगस्ट 2018 रोजी त्याने निवाडा दिला. त्यात कर्नाटकास 13.42, गोव्यास 24 आणि महाराष्ट्रास 1.33 अब्ज घनफूट पाणी ठरविण्यात आले. तिन्ही राज्यांच्या बाजू मांडणारे समर्थ लोक आहेत आणि त्यांच्या युक्तिवादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. मलप्रभेच्या काठच्या शेतकऱ्याची तहान खरी आहे आणि मांडवीच्या मुखाशी राहणाऱ्या कोळ्याची चिंताही खरी आहे. ध्यानात घेण्याची गोष्ट एवढीच की, निवाडा पाण्याची वाटणी करू शकतो, पाणी निर्माण करू शकत नाही. ते निर्माण होते भीमगडच्या अरण्यात आणि कणकुंबीच्या डोंगरात. 2011 साली भीमगड अभयारण्य घोषित झाले, तेव्हा वाघ-गव्यांचे रक्षण झाले असे आपण मानले; वस्तुतः म्हादईच्या उगमाकडील पाणलोटाचेही रक्षण त्यात होते.

उगमाविषयी अजूनही आपले ज्ञान किती तोकडे आहे, याचे एक अलीकडचे उदाहरण बोलके आहे. आंबोलीस हिरण्यकेशीचा उगम एका गुहेत आहे. पुढे महादेवाचे देऊळ आणि कुंड आहे. शतकानुशतके भाविक तेथे येत आले आहेत. या कुंडात एक बोटाएवढा रंगीत मासा राहतो. तो जगातील कोणत्याही ज्ञात जातीचा नाही, हे शास्त्राला कळले ते 2020 साली. नदीच्याच नावावरून त्याला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असे नाव देण्यात आले आणि 2021 साली महाराष्ट्र शासनाने ते स्थान जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले. इतक्या लोकांच्या डोळ्यांसमोर राहून जो ओळखला गेला नाही, त्याच्यासारखे आणखी किती जीव अनाम झऱ्यांतून असतील! देवाच्या नावाने ते पाणी राखले गेले म्हणून हा मासा शास्त्रज्ञांच्या भेटीपर्यंत जगला. जेथे ना देऊळ, ना नोंद, तेथील मासे नाव मिळण्यापूर्वीच गेले असतील तर त्यांची गणती कोण करणार? हीच हिरण्यकेशी पुढे आजरा, गडहिंग्लज आणि संकेश्वर अशी वाहत येऊन घटप्रभेस मिळते. सीमेच्या दोन्ही बाजूंची माणसे तिचे पाणी पितात. नदीला मात्र सीमा ठाऊक नाही.

हे सारे ऐकून निराश होण्याचे कारण नाही. झरा आटतो तसा तो परतही येऊ शकतो. सिक्कीम राज्यात 2008 पासून 'धारा विकास' नावाची योजना राबविण्यात आली. प्रथम झऱ्याच्या वरचा डोंगर भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने तपासावयाचा, त्याचे पाणी नेमके कोठे मुरते ते शोधावयाचे आणि त्या जागी उतारावर चर खणून पाऊस अडवावयाचा, अशी तिची पद्धत आहे. मंदावलेले अनेक झरे त्यामुळे पुन्हा चांगले वाहू लागले. पुण्याच्या 'ॲक्वाडॅम' या संस्थेने झऱ्यांच्या अशा शास्त्राचा देशभर प्रसार केला आहे. या पद्धतीतील मर्म असे की, झऱ्याच्या तोंडाशी हौद बांधून पाणी वाढत नाही. उपाय वर, डोंगराच्या माथ्याकडे करावा लागतो. आणि तो करण्यापूर्वी झरा दर महिन्यास किती पाणी देतो, हे मोजावे लागते.

मोजण्याचे हे काम वाटते तितके अवघड नाही. एक भांडे आणि एक घड्याळ एवढ्यावर झऱ्याची धार मोजता येते. पर्जन्यमापक तर शाळेच्या अंगणात सहज बसतो. खानापूर-चंदगडच्या शाळांतील मुलांनी गावच्या झऱ्याची धार दर पौर्णिमेस मोजून वहीत टिपून ठेवली, तर वीस वर्षांत कोणत्याही कचेरीत नाही असे दप्तर तयार होईल. साइक्स यांच्या यादीचे मोल तिच्या काळात कोणालाच कळले नव्हते. या वह्यांचेही कदाचित तसेच होईल. परंतु ज्या दिवशी धार खरोखर मंदावेल, त्या दिवशी ती केव्हापासून मंदावली आणि त्या वेळी वरच्या रानात काय घडले होते, याचे उत्तर त्या वहीत सापडेल. उत्तर सापडले तर उपायही सुचेल.

कॅम्पातील नळाला पाणी येते तेव्हा त्यामागचा डोंगर कोणाच्या मनात येत नाही. ते स्वाभाविक आहे. परंतु ज्या वर्षी मृग कोरडा जातो आणि नळ दिवसाआड, चार दिवसांआड येऊ लागतो, त्या वर्षी तरी डोळे पश्चिमेकडे वळावेत. तेथे कोण्या वाडीतील बाई आटत्या झऱ्यापाशी वाटीने हंडा भरीत बसलेली असते. तिचा झरा आणि कॅम्पचा नळ एकाच डोंगरावर जगत आहेत, आणि टंचाई तिच्यापर्यंत आधी पोहोचते, नळापर्यंत मागाहून. म्हणून जुनी म्हण करणाऱ्यांची क्षमा मागून असे म्हणावे लागते की, ऋषीचे कूळ हवे तर पाहू नये. नदीचे मूळ मात्र अवश्य पाहावे, वरचेवर पाहावे आणि पाहिलेले लिहून ठेवावे.